चिंचेने घासलेलं पिस्तूल

आप्पा,

तुमचं पिस्तूल बघायला गेल्या रविवारी एक माणूस येऊन गेला. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली, तेव्हा पत्र पाठवायचं कुठे हा प्रश्नच आहे. पण तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी तुमचा आवाज खाली बसायची वाट बघावी लागायची, ती तरी आता बघावी लागणार नाही. आपली घरची बोली मला कागदावर उतरवता येत नाही. तोंडात आहे तोवर गोड, लिहायला घेतली की अक्षरंच सापडत नाहीत. म्हणून शाळेतल्या मराठीत लिहिते. चालवून घ्या.

पिस्तूल घरात आलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. त्या दिवसांत आपल्या सांडोर गावच्या वाड्यांवर बिल्डरांचा डोळा होता आणि संध्याकाळी जीपमधून माणसं यायची, केळींमधून फिरायची, तुम्हाला "काका, विचार करा" असं सांगून जायची. तुम्ही विचारबिचार काही केला नाहीत, परवान्यासाठी खेटे घातलेत. परवाना हातात आल्यावर मुंबईला फोर्टातल्या एका बंदुकवाल्याकडे गेलात आणि लष्करातून निकालात काढलेलं एक जुनं पिस्तूल घेऊन आलात. पोलंडच्या लष्करातून. ते इथवर कसं पोचलं ते त्या दुकानदारालाही धड सांगता आलं नव्हतं म्हणे. तुम्ही घरात पाऊल टाकल्या टाकल्या माझ्या दप्तरातला नकाशा काढून ओट्यावर पसरलात आणि पोलंड शोधायला लागलात. सापडल्यावर त्याच्यावर बोट ठेवून आईला हाक मारलीत, "बघ, इथनं आलंय!" आई हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढ्या लांबनं? मग जेवायला घाला त्याला."

ते कुणावर रोखायची वेळ कधी आली नाही, देवाची कृपा. पण पोलंड मात्र आपल्या घरी कायमचं राहायला आलं. रेडिओवर बातम्यांत त्याचं नाव निघालं की तुम्ही हात वर करायचात, "गप्प बसा, पोलंडचं सांगतायत." जणू तिथे आपली मुलगी दिली होती. निवडणुका लागल्या की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तेव्हा तुम्ही ते कापडी पिशवीत घालून घेऊन जायचात आणि निकाल लागून परत मिळेपर्यंत तुमचं जेवणात लक्ष नसायचं. आई सगळ्यांना सांगायची, "यांचं पिस्तूल माहेरपणाला गेलंय." तुम्ही चिडायचात. तुम्ही चिडलात की ती पुन्हा म्हणायची.

आणि त्याचा तो रंग, आप्पा. काळा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर काळा, पिकलेल्या जांभळासारखा. कुणीही पाहुणा आला, डॉक्टर असो की तलाठी, की तुम्ही गोळ्या वेगळ्या कुलपात असल्याची खात्री करायचात, मग पिस्तूल लाकडी पेटीतून काढून ओट्यावरच्या उजेडात तिरकं धरायचात. "रंग बघा. हा असा रंग आता कोणी चढवत नाही. आणि हा गरुड बघा, डोक्यावर मुकुट आहे ना? म्हणजे महायुद्धाच्या आधीचं. नंतरच्या सरकारने मुकुट काढून टाकला." पापडीच्या चर्चचे फादर केळीचे मुनवे लावणीसाठी न्यायला आले होते, त्यांनाही तुम्ही सोडलं नाहीत. त्यांनी चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण आशीर्वाद नाही हां देणार." तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मुंबईचे दोन-तीन शौकीन तर नुसतं बघायला म्हणून यायचे, विकता का म्हणून विचारायचे, आणि तुम्ही "छे छे" म्हणताना तुमची छाती फुललेली असायची.

मी त्याला एकदाच हात लावला. राजेळी केळी सोलून उन्हात वाळत घातली होती, सुकेळी व्हायला आली होती, आणि मी चोरून खाऊन बोटं चिकट करून घेतली होती. तुम्ही पाहुण्याला सोडायला फाटकापर्यंत गेलात आणि मी त्या गरुडावर एक बोट फिरवलं. तुम्ही असे ओरडलात, असे ओरडलात, की शेजारच्या वाडीतली बाई "काय साप निघाला काय?" म्हणत धावत आली. मग तुम्ही जुन्या धोतराच्या तुकड्याने आणि शिलाई मशीनच्या तेलाने ते कितीतरी वेळ पुसत बसलात. माझ्याकडे बघितलं नाहीत. दुसऱ्या दिवशी पाचूबंदरला जाऊन तुम्ही पापलेट आणलंत आणि त्यातली मधली मोठी तुकडी माझ्या ताटात पडली. तुमची माफी ती तशीच असायची, आम्ही ती काटे काढून खायचो.

आता ज्या दसऱ्याबद्दल सांगायचं आहे तो मी कॉलेजात असतानाचा. तुम्हाला मलेरियाने धरलं होतं. खंडेनवमीला वाडीतली सगळी हत्यारं धुऊन दसऱ्याला पुजायची, ते काम दरवर्षी तुमचं. आईचं काम देवाची भांडी. त्या वर्षी तुम्ही घोंगडी घेऊन पडलेले, म्हणून तिने सगळंच अंगावर घेतलं. कोयते झाले, कुदळी झाल्या, पहार झाली, पंपसुद्धा पुसला. मग तिला वाटलं, यांचं ते एक राहिलं. पिस्तूल रिकामंच असायचं. तिने ते पेटीतून काढलं, वाडीतल्या बावखलाच्या पाण्याशी धुण्याच्या दगडावर बसली आणि समया-ताम्हनं घासतात तसं चिंच, मीठ आणि काथ्या घेऊन ते घासलं. चांगलं लख्ख घासलं. आमच्या आईचं घासणं म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, तिच्या हातून पितळेवर सोनं व्हायचीच पाळी येते.

सकाळी तुम्ही घोंगडी गुंडाळून पूजेला बाहेर आलात. मी तिथेच झेंडूची माळ ओवत होते. पाटावर कोयत्यांच्या मध्ये ते पडलेलं. पांढरंफटक. तुम्ही बघत राहिलात. "हे कोणी केलं?" असं विचारलंत, आवाज अगदी बारीक. आई म्हणाली, "मी. किती काळं पडलं होतं हो! इतकी वर्षं तेल चोळताय, तुमच्याकडून काही निघालं नाही. बघा आता." तिचे हात चिंचेने आणि पाण्याने सुरकुतलेले होते आणि चेहरा असा की शाबासकी आत्ताच हवी. मी मनात म्हटलं, आता घर डोक्यावर घेणार. तुम्ही खाली बसलात. घोंगडी सारखी केलीत. मग म्हणालात, "वा. नवं केलंस की." आणि त्याला हळदकुंकू लावलंत. मला वाटलं, ताप डोक्यात गेलाय.

मग काय विचारता. शाबासकी मिळाल्यावर ती थांबते होय? दर दसऱ्याला पिस्तूल आधी दगडावर आणि मग पाटावर. दर दसऱ्याला तुमचं "वा". पाहुण्यांना ते दाखवणं तुम्ही कधी बंद केलंत ते माझ्या लक्षातही आलं नाही. शौकीन यायचे बंद झाले. मला वाटलं वय झालं, हौस फिटली.

तुमच्यामागे परवाना आईच्या नावावर झाला. हसू नका. आपली आई, पदर खोचून, आचारसंहिता लागली की पिशवीत पिस्तूल आणि वर केळ्यांची फणी घेऊन रिक्षाने पोलीस ठाण्यात जाते. तिथली पोरं उठून तिला खुर्ची देतात. पण आता ती ऐंशी ओलांडून गेलीय, हात थरथरतात, आणि मागच्या वेळी तिथल्या साहेबांनीच मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, आजींना किती धावपळ करायला लावणार? एक तर तुमच्या नावावर करून घ्या, नाहीतर परवाना असलेल्या कुणाला तरी देऊन टाका." मी विरारला फ्लॅटमध्ये राहते, दिवसभर डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांच्या चष्म्याचे नंबर काढते, मला कशाला हवंय पिस्तूल? मी म्हटलं देऊन टाकू. आईने आढेवेढे घेतले नाहीत. "चांगल्या घरी जाऊ दे," एवढंच म्हणाली. बंदुकवाल्याकडून एका तरुण मुलाचा पत्ता लागला, विरारचाच, सॉफ्टवेअरमधला, जुनी लष्करी हत्यारं जमवायचा नाद असलेला. पोलंडचं आणि मुकुटवाला गरुड म्हटल्यावर तो फोनवर ओरडलाच.

शनिवारी मी सांडोरला स्वयंपाकघरात असताना त्याचा पुन्हा फोन आला. "ताई, एकच रिक्वेस्ट. प्लीज ते साफबिफ करू नका हां. लोक काय करतात, बघायला कोणी येणार म्हणून पॉलिश मारून ठेवतात. ओरिजिनल रंग गेला ना, की खल्लास. मग ते नुसतं लोखंड. कलेक्टर लोक रंगच बघतात." त्याचं बोलणं ऐकता ऐकता मला मागच्या दारातून खर्र खर्र आवाज ऐकू येत होता. खिडकीतून बघते तर आई दगडावर बसलेली, शेजारी वाटीत चिंच. पाहुणा येणार ना उद्या!

मी फोन ठेवला आणि तिथेच उंबऱ्यावर बसले. जांभळासारखा रंग म्हणणारे तुम्ही. एका बोटासाठी अख्खी आळी गोळा करणारे तुम्ही. तुम्हाला कळलं नव्हतं असं होईलच कसं? त्या सकाळी पाटावर ते बघितल्या क्षणी तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि तुम्ही "वा" म्हणालात. नंतरही दरवर्षी म्हणत राहिलात. आप्पा, मला इतकं रडू आलं आणि त्यातच हसूही आलं, आणि तिकडे खर्र खर्र चालूच. शेवटी उठून मी तिच्या हातातला काथ्या काढून घेतला. "आई, पुरे आता." "अगं, पाहुण्यासमोर काळं ठेवायचं?" "काळं नाहीये, पुरे." मनात ठरवलं, हिला यातलं काहीएक कळू द्यायचं नाही. तुम्ही मरेपर्यंत जपलंत ते मी एका रविवारात सांडणार नाही. मी त्या मुलाला उलट फोन करून सगळं सांगितलं, येऊ नका म्हटलं. तो म्हणाला, "ताई, असू दे, मुकुटवाला गरुड मी अजून हातात घेतला नाहीये. एकदा बघून जातो. आजींसमोर चकार शब्द नाही, प्रॉमिस."

रविवारी आईने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. बशीत सुकेळी. पोरगा बिचारा सालस, आल्या आल्या तिच्या पाया पडला, पातळ हातमोजे घातले आणि पिस्तूल उचललं. आई पुढे सरकून म्हणाली, "आरशासारखं आहे की नाही? दरवर्षी मी स्वतः घासते." तो म्हणाला, "हो आजी, एकदम मस्त." माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने ते खिडकीकडे नेलं, भिंग काढलं, गरुडावर धरलं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा. मुकुटपण गेला." अगदी कळवळून. त्याला स्वतःलाच कळलं, जीभ चावली, माझ्याकडे बघितलं. मी घाईने म्हटलं, "चहा आणते हं." आई म्हणाली, "थांब." आणि त्याला म्हणाली, "बाळा, खरं सांग. काय झालंय त्याला?"

तिच्यासमोर खोटं बोलणं तुम्हाला जमलं, त्या पोराला कुठून जमणार? त्याने खाली मान घालून सांगितलं. हळू सांगितलं, बरं सांगितलं, पण सांगितलं. रंग होता, तो चिंचेने खाल्ला, वरचं कोरीव काम काथ्याने झिजलं, आता पुन्हा रंग चढवता येईल पण तो पहिला येणार नाही. आईने सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. "सुकेळी खा, घरची आहेत." त्याने मान वर न करता दोन खाल्ली आणि निरोप घेतला.

मग आम्ही दोघीच. ती ओट्यावर बसली आणि तिने मला विचारलं, "यांना ठाऊक होतं का गं?"  नाही म्हणावं तर तुम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं असं होतं, ज्या पोलंडसाठी तुम्ही जीव टाकलात त्यात तुम्ही अडाणी ठरता. हो म्हणावं तर इतके दसरे तुम्ही समोर बसून दुखणं काढलंत आणि ते तिनेच दिलं, हे या वयात तिच्या पदरात घालायचं. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "ठाऊक होतं."

आई भडकली, आप्पा. तुम्हाला जन्मात कधी अरेतुरे न केलेली बाई म्हणाली, "मूर्ख कुठला! आमटीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवायचा हा माणूस. माझा भाऊ जेवून उशिरा उठला तर तोंड फुगवायचा. आणि हे नाही सांगता आलं? एकदा बोलला असता तर मी कशाला हात लावला असता? दरवर्षी मला घासायला लावलं आणि बसून बघितलं!" बोलता बोलता तिचा आवाज फुटला. मग खूप रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. रडणं सरल्यावर नाक पुसून म्हणाली, "कुणाला द्यायचं नाही ते. तुझ्या नावावर करून घे." मी म्हटलं, करते. लगेच म्हणाली, "अजून काय काय गिळलं असेल गं यांनी?" आणि आठवायला लागली. तिने तुमचा रेशमी सदरा सोड्यात उकळला होता म्हणे, तेव्हाही तुम्ही "मोकळा झाला" म्हणाला होतात. तिच्या माहेरचं लोणचं तुम्ही मिटक्या मारत खायचात, ते तुम्हाला खरंच आवडत होतं का? एकेक आठवून ती लाजायला लागली. ऐंशी उलटलेली बाई, डोळे सुजलेले, आणि नव्या नवरीसारखी लाजतेय.

मी शेजारी बसून हसत होते, पण आप्पा, खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. साधासुधा नाही, चांगला जळजळीत. माझ्यासाठी असं कोणी काही गिळलं असेल का? नवरा आहे, मुलगा आहे, माझीही जीभ काही कमी नाही. पण हे विचारून कळायचं नसतं. ज्याने गिळलं तो सांगणार नाही, आणि सांगितलंच तर मग ते गिळलेलं राहिलं कुठे? तुमच्याबद्दल तर मी आजवर भेटेल त्याला हेच सांगत आले की आप्पांनी मला फक्त ओरडा दिला, एकही गोष्ट सोडली नाही. ऐकणारे हसतात, मलाही सांगायला मजा येते. हे लिहायला बसले ती खरी तुम्हाला विचारायलाच, की माझं असं काही होतं का, जे तुम्ही बघितलंत आणि बोलला नाहीत.

लिहिता लिहिता मात्र वाटलं, नको. पाठवायची सोय असती तरी मी हे पाठवलं नसतं. तुम्ही नाही म्हणालात तर मला सोसणार नाही. होतं काहीतरी, असं मी रविवारपासून धरून चालले आहे.